नाव नसलेली नोंद

मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूभागावर ल मोर्न ब्राबाँ नावाचा पर्वत उभा आहे. त्याची उंची ५५६ मीटर. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला हा आकडा मोठा वाटू नये. परंतु हा पर्वत जवळजवळ पाण्यातूनच सरळ वर येतो आणि त्याचे काळे कडे एखाद्या दुर्गाच्या तटासारखे चहूबाजूंनी तुटलेले आहेत. फेब्रुवारीची पहिली तारीख होती. आपल्याकडे थंडी सरत असते त्या दिवसांत तिथे ऐन उन्हाळा असतो. सकाळीच अंग घामाने भिजले होते. पर्वताच्या पायथ्याशी, गवताच्या मोकळ्या मैदानात लोक जमत होते. कुणाच्या हातात फुले होती, कुणाच्या कडेवर मुले होती. एका झाडाखाली काही पुरुष वाळक्या पाल्याची आग करून भोवती बसले होते आणि परातीएवढी गोल वाद्ये त्या आगीवर अलगद फिरवून तापवीत होते.

“हलगी शेकताहेत,” बाई उद्गारल्या.

सोबत आलेल्या शेजारीणबाईंनी विचारले, “हलगी म्हणजे काय, ताई?”

बाई सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यातील एका गावच्या. छत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यामुळे घरचे आणि गावचे सारे त्यांना ‘बाई’च म्हणतात. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या तीन महिने मॉरिशसला गेल्या होत्या. शेजारीणबाई तिथल्याच, मराठी भाषकांच्या पाचव्या पिढीतल्या. शाळेत मराठी शिकवत असल्याने त्यांची मराठी पुस्तकासारखी नेटकी, आणि राग आला किंवा हसू आले की त्या एकदम क्रिओलमध्ये बोलू लागत. या दिवशी ल मोर्नला चला, असा आग्रह त्यांचाच होता.

हलगी म्हणजे काय, हे बाई सांगू लागल्या. लाकडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, आगीवर शेकले की आवाज कडक येतो, जत्रेत वाजते, मिरवणुकीत वाजते, इतके सांगून त्या मध्येच थांबल्या. डोळ्यांसमोर एक जुने चित्र उभे राहिले होते. वडिलांचे गुऱ्हाळ, रात्रीची वेळ, चुलवणात चिपाडे धडधडत आहेत आणि चुलवणाच्या तोंडाशी उकिडवा बसून एक माणूस हलगी शेकतो आहे. जाळाच्या उजेडात त्याचा अर्धा चेहरा तांबडा झाला आहे. तो त्यांच्या घरचा सालगडी होता. बाईंचे सारे बालपण त्याच्या खांद्यावर बसून शेतात जाण्यात गेले होते.

त्याचे नाव काही केल्या त्यांना आठवेना.

*

ल मोर्नला लोक का जमतात, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हे बेट पूर्वी निर्मनुष्य होते. डचांनी १६३८ मध्ये तिथे वसाहत केली आणि एबनीची जंगले तोडण्यासाठी लगोलग मादागास्करहून गुलाम आणले. डच गेले, १७२१ पासून फ्रेंचांची वसाहत वाढू लागली, आणि मादागास्कर, मोझांबिक, आफ्रिकेचा पूर्व किनारा इथून जहाजे भरभरून माणसे येऊ लागली. त्यांत हिंदुस्थानातून नेलेले गुलामही होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. १७२३ मध्ये या बेटांसाठी लागू झालेल्या फ्रेंच कायद्यात पळून जाणाऱ्या गुलामाच्या शिक्षा क्रमवार लिहिलेल्या होत्या. पहिल्यांदा पळाल्यास कान कापून डाग द्यावा, दुसऱ्यांदा पायाची शीर तोडावी, तिसऱ्यांदा मृत्युदंड.

तरीही माणसे पळत. पळालेल्यांना तिथे ‘मारॉन’ म्हणत. ल मोर्नच्या गुहांत आणि माथ्यावर त्यांनी आश्रय घेतला. तिथे पोचायचा मार्ग इतका अवघड, की पाठलाग करणाऱ्याने दोनदा विचार करावा. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ रोजी अमलात आला. त्या दिवशी कागदोपत्री मुक्त झालेल्यांची संख्या ६० हजारांहून अधिक होती. त्यांनाही पुढे काही वर्षे ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्या मालकांकडेच राबावे लागले. १८३९ मध्ये ते बंधन सुटले.

ल मोर्नची कथा लोकांनी तोंडोतोंडी जपली आहे. कायदा झाल्यावर ही बातमी सांगण्यासाठी शिपायांची तुकडी पर्वतावर चढू लागली. वर लपलेल्यांना वाटले, आपल्याला पकडायला आले. पुन्हा साखळदंडात जाण्यापेक्षा मरण बरे, असे म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ज्या निरोपासाठी त्यांच्या कित्येक पिढ्या झुरल्या, तो निरोप घेऊन येणाऱ्यांनाच पाहून त्यांनी प्राण दिले. युनेस्कोने २००८ मध्ये ल मोर्नला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. पायथ्याशी आज दगडी शिल्पांची एक बाग आहे. कोरलेल्या आकृत्यांचा एक मोठा दगड मध्यभागी आणि भोवती लहान शिल्पे. दर १ फेब्रुवारीला तिथे पुष्पचक्रे वाहिली जातात. हा दिवस त्या देशात सार्वजनिक सुट्टीचा असतो.

भाषणे झाली, फुले वाहून झाली, आणि मग ती शेकलेली वाद्ये वाजू लागली. त्या वाद्याला ‘रावान’ म्हणतात. ते बकऱ्याच्या कातड्याचे असते. हे कळताच, एका तरुणाने कौतुकाने पुढे केलेल्या रावानवर टेकलेली बोटे बाईंनी नकळत मागे घेतली. घरचे संस्कार असे बोटांतूनही बोलतात. त्या तरुणाच्या ते लक्षात आले असावे; पण तो नुसता हसला आणि वाजवू लागला. सोबत ‘मारावान’ होते, म्हणजे उसाच्या वाळक्या कांड्यांची पेटी, आत बिया, हलवली की पावसासारखा आवाज येतो. आणि एक लोखंडी त्रिकोण, त्याची टिणटिण. या तिन्हींवर जे गायन-नर्तन चालते ते ‘सेगा’. गुलामांच्या वस्त्यांत ते जन्मले, मळेवाले आणि पाद्री दोघांनीही त्याला नाके मुरडली, आणि २०१४ मध्ये युनेस्कोने त्याची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

बाईंनी चित्रवही उघडली. नाचणाऱ्यांची रेखाटने करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. कमरेपासून वर सारे शरीर लाटेसारखे हलत होते, हात हवेत होते. पाय मात्र जमीन सोडत नव्हते. पावले सरपटत पुढे-मागे जात होती. शेजारीणबाई म्हणाल्या, “जुनी माणसे सांगतात, पायांत बेड्या होत्या म्हणून हा नाच असा झाला. खरे-खोटे देव जाणे. पण मी मुलींना शिकवताना हे सांगते, तेव्हा त्या पाय उचलायच्या आपोआप थांबतात.”

रेखाटन करता करता बाईंच्या मनात दुसरेच काही चालले होते. त्या गड्याच्या पायांत वहाणा असत की नसत? त्याला मुले किती होती? तो राहायचा कुठे? गोठ्याच्या पडवीत, एवढे आठवत होते. नाव मात्र आठवत नव्हते.

*

चार दिवसांनी दोघी पोर्ट लुईला गेल्या. वाटेत दुतर्फा ऊस. बाईंना क्षणभर शिरोळच्या रस्त्यानेच चालल्यासारखे वाटले. फरक एकच होता, तो म्हणजे शेतांच्या मधोमध रचलेले काळ्या दगडांचे उंच ढीग. ही ज्वालामुखीची भूमी. ऊस लावण्याआधी जमिनीतला प्रत्येक दगड हातांनी उचलून बाजूला रचावा लागला. “हे ढीग म्हणजे आमच्या पूर्वजांची सही,” शेजारीणबाई म्हणाल्या. “त्यांना लिहिता येत नव्हते ना!”

राजधानीच्या बंदरावर ‘आप्रवासी घाट’ आहे. गुलामगिरी संपणार हे दिसू लागताच मळेवाल्यांनी मजुरांसाठी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर घेऊन आले. त्यानंतर १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे या बेटावर उतरली. बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील होती, बरीचशी तमिळ आणि तेलुगू मुलखातील. आणि मुंबई बंदरातून गेली ती कोकणची आणि घाटावरची मराठी माणसे. घाटाच्या त्या दगडी पायऱ्या सोळा आहेत. शेजारीणबाई त्या पायऱ्यांपाशी गेल्या की बोलायच्या थांबतात.

करार पाच वर्षांचा असे. मजुरी ठरलेली; पण एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. आजारपणाचे खाडे वाढत गेले की माणूस महिनाभर राबूनही देणेकरीच राहायचा. हे ऐकताच बाईंनी चमकून वर पाहिले. ‘खाडा’ हा शब्द त्यांनी वडिलांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता.

“आमच्या घरी २ नोव्हेंबर पाळला जाई,” शेजारीणबाई सांगू लागल्या. “१ फेब्रुवारी म्हणजे नुसती सुट्टी. आम्ही डबे भरून समुद्रावर जायचो. तो दिवस त्यांचा, हा दिवस आमचा, असे मीसुद्धा मानत होते. मग एका वर्षी शाळेतल्या एका क्रिओल सहशिक्षिकेने मला सहज विचारले, तुमच्या पणजोबांना मळ्यावर जी खोली मिळाली, त्या खोलीत आधी कोण राहत होते? मला उत्तर देता येईना. मळ्यांवरच्या त्या वस्त्या गुलामांच्याच होत्या. ते बाहेर पडले आणि त्याच चुलीपाशी आमच्या माणसांनी चूल मांडली. तेव्हापासून मी दोन्ही दिवस पाळते.”

एखाद्या देशाला हे शहाणपण सहजासहजी येत नाही. मॉरिशस सरकारने २००९ मध्ये एक सत्य आणि न्याय आयोग नेमला. गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी या दोहोंचे परिणाम एकत्र तपासून त्याने २०११ मध्ये अहवाल दिला. आप्रवासी घाटाच्या जवळच फ्रेंच काळातले जुने लष्करी रुग्णालय आहे. अठराव्या शतकात गुलामांच्याच श्रमांतून उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत आता गुलामगिरीचे संग्रहालय झाले आहे. दोन्ही वास्तूंमध्ये काही मिनिटांची चाल आहे. दोन समाजांना मात्र ती चालायला बरीच वर्षे लागली.

ब्रिटिश अमदानीतल्या गुलामांच्या नोंदवह्यांविषयी बाईंना तिथे कळले. मालकाचे नाव, खाली गुलामांची यादी. वय, उंची, जन्मस्थान, अंगावरची खूण. आडनावाचा रकाना बहुधा रिकामा. पहिले नावही त्याच्या आईने ठेवलेले नव्हे, मालकाने दिलेले. भरपाई देण्याची वेळ आली तेव्हा याच याद्या कामी आल्या. ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. त्यांतील २० लाखांहून अधिक पौंड मॉरिशसच्या वाट्याला आले. ही रक्कम मिळाली मालकांना, त्यांच्या ‘मालमत्तेच्या’ नुकसानीबद्दल. मुक्त झालेल्यांच्या हाती एक कवडीही पडली नाही. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश खजिन्याने २०१५ मध्ये केली.

शेजारीणबाईंनी बाईंना आणखी एक गोष्ट दाखवली, ती काही छायाचित्रांच्या रूपाने. १८४६ मध्ये फ्रोबेरव्हील नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने बेटावरच्या, गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरमध्ये ठसे घेतले. पन्नासहून अधिक चेहरे. त्याचा हेतू त्या काळच्या मानववंशशास्त्राचा, म्हणजे माणसांच्या जाती मोजण्याचा होता. पण त्याने त्यांची नावे, मुलूख आणि भाषाही विचारून लिहून ठेवल्या. हे ठसे पुढे फ्रान्समधील ब्ल्वा येथे जाऊन पडले आणि दीडशेहून अधिक वर्षांनी त्यांच्याकडे पूर्वजांचे चेहरे म्हणून पाहिले जाऊ लागले.

चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाई त्या चेहऱ्यांकडे फार वेळ पाहत राहिल्या. ओठांच्या कडेला पडलेली सुरकुती, गालावरची जुनी जखम, प्लास्टरच्या भाराखाली मिटलेले डोळे. हजारो माणसांच्या नुसत्या उंचीची नोंद उरली आणि या पन्नासांचा चेहरा उरला. ज्यांची ना नोंद ना चेहरा, त्यांचे काय?

*

बाईंच्या घरी दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचण्याची परंपरा आहे. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. जिवाला बांधणे, मारणे, अवयव छेदणे, पेलवणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. लहानपणापासून बाईंनी हे पाठ म्हटले होते आणि त्याचा अर्थ बैलांपुरता घेतला होता. बैलाला फार ओझे घालू नये, गाईचे पाणी तोडू नये, असे आजी सांगे. त्या परक्या बंदरावर, कान कापण्याच्या आणि शीर तोडण्याच्या कायद्यापुढे उभे असताना पाचही शब्द एकामागून एक समोर आले आणि एकही सुटला नाही.

पण त्याच अध्यायात पुढे परिग्रहपरिमाणाचे अतिचार आहेत. तिथे शेत-घर, सोने-चांदी, धन-धान्य यांच्या रांगेत दासी-दासही येतात. मर्यादा घालावी, ती ओलांडू नये, हा उपदेश खरा. परंतु ज्याची मर्यादा घालायची त्या वस्तूंच्या यादीत माणूस आहे, हे बाईंच्या कधी ध्यानातच आले नव्हते. ज्यांनी सूत्र रचले त्यांनी त्या काळच्या घरात जे होते तेच लिहिले. प्रश्न त्या काळाचा नव्हताच. प्रश्न होता तो गुऱ्हाळाच्या चुलवणाशी बसलेल्या माणसाचा. तो त्यांच्या घरच्या कोणत्या यादीत होता?

*

मे महिन्यात बाई परतल्या. माहेरी गेल्यावर त्यांनी माडीवरची पेटी उघडायला सांगितली. थोरले बंधू आता ऐंशीच्या पुढे आहेत.

“वडिलांच्या वह्या आता कशाला हव्यात तुला?” त्यांनी विचारले.

“दादा, आपल्या गड्याचं नाव काय होतं?”

दादा बराच वेळ आठवत राहिले. “गडीच म्हणायचो की आपण.”

लाल कापडी बांधणीच्या त्या वह्यांत एकोणीस वर्षे एक नोंद दर पाडव्याला येत होती. ‘गडी, मागील बाकी’. पुढे जोंधळ्याची पोती, एक घोंगडे, बायकोचे लुगडे, मुलीच्या लग्नाची उचल. त्यापुढे खाडे. वर्षाच्या शेवटी बेरीज-वजाबाकी होऊन पुन्हा तीच ‘मागील बाकी’ नव्या वहीत जाई. वडिलांचे अक्षर मोत्यासारखे होते. त्यांनी बैलांचीही नावे लिहिली होती. गड्याचे लिहिले नव्हते.

“उपाशी नव्हतं ठेवलं आपण त्याला,” दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडी भीती होती. “सणाला पोळी आधी त्याच्या घरी जायची. आई स्वतः द्यायची. कुणी हात उगारला नाही कधी. तू तिकडचं काय पाहून आलीस आणि ते इथं कशाला लावतेस?”

दादांचे म्हणणे खोटे नव्हते. बाईंनाही ते मान्य होते. गड्याला कुणी बाजारात विकत घेतले नव्हते, त्याच्या अंगावर डाग नव्हता. जहाजाच्या तळाशी कोंबलेल्या माणसाचे दुःख आणि सालाने राहिलेल्या माणसाचे दुःख एका मापाने मोजणे हा पहिल्यावर अन्याय होईल. तरी एक प्रश्न उरत होता आणि तो बाईंनी विचारला.

“त्याला दुसऱ्या कुणाकडं जावंसं वाटलं असतं, तर जाता आलं असतं, दादा?”

दादांनी वहीकडे पाहिले. ‘मागील बाकी’ या शब्दांवर त्यांचे बोट थांबले. उत्तर त्यांनी दिले नाही. कर्जापोटी माणसाला राबवून घेण्याची प्रथा रद्द करणारा वेठबिगार निर्मूलन कायदा भारतात १९७६ मध्ये झाला आणि अशी सारी कर्जे त्याने पुसून टाकली. गडी त्याआधीच वारला होता.

नाव सांगितले ते गावातल्या एका वृद्ध गुळव्याने. त्याच्याकडूनच कळले, की गड्याचा नातू तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षक आहे आणि तो बाईंचाच विद्यार्थी. तीन वर्षे बाईंनी रोज हजेरीत त्याचे नाव पुकारले होते.

*

दशलक्षण पर्व संपले. क्षमावाणीच्या दिवशी सारे मंदिराच्या सभामंडपात जमतात, एकमेकांना हात जोडतात. त्या वर्षी तिथले झाल्यावर बाई गुरुजींच्या घरी गेल्या. बरोबर एक चित्र होते. पावसाळाभर त्यांनी ते आठवून आठवून काढले होते. डोक्यावर उसाची मोळी, वाकलेली मान, मागे गुऱ्हाळाचा धूर. चेहरा मोळीच्या सावलीत. कारण चेहरा त्यांना पुरता आठवत नव्हता.

“तुम्हाला ठाऊक होतं, मी कोणाच्या घरची?” त्यांनी विचारले. एकेकाळच्या विद्यार्थ्याला त्यांनी ‘तुम्ही’ म्हटले.

“व्हय बाई. पहिल्या दिवसापासून,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही कधी विचारलं न्हाई.”

बाईंनी हात जोडले. आमच्या घराकडून जे झाले त्याची क्षमा मागायला आले आहे, असे म्हणताना त्यांचा आवाज कापला. गुरुजींनी त्यांना बसायला सांगितले, आतून पाणी मागवले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “माफ करणारा मी कोण, बाई? ज्यानं करायची तो गेला. आज्या काही तुमच्या घराला वाईट बोलायचा न्हाई, हे मातुर सांगतो. पर चांगलंबी बोलायचा न्हाई. गप बसायचा.”

मग त्यांनी चित्र हातात घेतले. निरखून पाहिले. चित्र चांगले आहे, असे ते म्हणाले. विद्यार्थीपणाची सवय होती. पण नंतर जे बोलले, त्यासाठी बाईंची तयारी नव्हती.

“आज्याला कायम वझ्याखालीच काढायचं व्हय, बाई?”

ते उठले आणि आतल्या भिंतीवरची हलगी काढून घेऊन आले. कातडे सैल पडले होते, लाकडी कडे वापराने गुळगुळीत झाले होते. आजोबा पंचक्रोशीत हलगीसाठी नावाजलेले होते. जत्रेला लांबलांबची माणसे त्यांना बोलवायला यायची. त्या दोन दिवसांचे खाडे वहीत लागायचे. तरी ते जायचेच. गुऱ्हाळावर रात्री जाळ घालताना ते हलगी शेकून ठेवत, ती यासाठी. बाईंनी लहानपणी पाहिलेले ते दृश्य म्हणजे उद्या ज्याचा खाडा लागणार, त्या एका दिवसाची तयारी होती.

बाईंनी हलगी हातात घेतली. या वेळी बोटे मागे गेली नाहीत.

दुसरे चित्र दिवाळीनंतर पुरे झाले. त्यात एक माणूस ताठ उभा आहे, हलगी छातीशी, मान किंचित कललेली, पाय जमिनीवर घट्ट. चेहऱ्यासाठी गुरुजी आणि त्यांचे थोरले चुलते दोन दुपारी समोर बसले. कपाळ यांचे, हनुवटी त्यांची, असे करीत चेहरा उभा राहिला. खाली काय लिहायचे, हे गुरुजींनीच ठरवले. त्यांच्या आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, आडनाव, आणि पुढे ‘हलगीवादक’. ते चित्र गुरुजींच्या घरी लागले आहे. त्याचे छायाचित्र मॉरिशसला गेले, तेव्हा शेजारीणबाईंनी ते वर्गातल्या मुलांना दाखवले. मुलांनी विचारले, हा कोणत्या देशातला रावानवाला आहे?

राहता राहिली ती वही. बाईंनी एके दुपारी ती पुन्हा उघडली आणि जिथे जिथे ‘गडी’ लिहिले होते, तिथे तिथे शेजारी पेन्सिलीने ते नाव लिहिले. एकोणीस ठिकाणी. वडिलांचे मूळ अक्षर त्यांनी खोडले नाही. जे होते ते तसेच दिसले पाहिजे, असे त्यांना वाटले. संध्याकाळी दादांनी वही चाळली. पाने उलटताना त्यांचे ओठ हलत होते. एकेका नोंदीपाशी थांबून ते नाव वाचत होते, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. ते काही बोलले नाहीत. पण त्यांनी वही पुन्हा माडीवरच्या पेटीत नेऊ दिली नाही. ती आता खालच्या सोप्यातल्या कपाटात, घरातल्या मुलांच्या हाताशी येईल अशा फळीवर आहे.